दहा ते साडेअकरा

"सिस्टर, दोऱ्याला तेवढा हात लावू नका," म्हातारा म्हणाला. "देवीचा हाय. पोरगी सात वर्सांची होईपर्यंत काढायचा न्हाई, असं बोललोय मी देवीला."

लहान मुलांच्या आयसीयूच्या दारात मी उभी होते, हातात चार नंबर बेडचा चार्ट. सकाळचे सव्वाआठ वाजले होते. रजा संपवून मी त्याच दिवशी कामावर आले होते आणि आधीच्या पाळीच्या सिस्टरकडून नुकतीच सगळी माहिती घेतली होती. ती म्हणाली होती, कमरेला ड्रेसिंग आहे, कोरडं आहे, त्याला काही करायचं नाही. दोऱ्याचं तिनं काही सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, कसला दोरा?

"कमरेचा. पहिल्या दिवशी तुमची एक सिस्टर कापायलाच निघाली व्हती. वायरीत अडकतोय म्हणं. मी कापू दिला न्हाई. मग तिनं वरनं पट्टी गुंडाळली."

म्हणजे ते ड्रेसिंग नव्हतंच. पहिल्या दिवशी एकीनं दोऱ्यावर गॉज ठेवून चिकटपट्टी मारली. दुसरीनं पांढरी पट्टी बघितली आणि चार्टवर लिहिलं 'ड्रेसिंग'. तिसरीनं वरून हात फिरवला आणि लिहिलं 'कोरडं'. आयसीयूत असंच चालतं. पट्टी दिसली की ती कुणीतरी कशासाठी तरी लावलेली असणार, असं सगळे धरून चालतात. तिथं जीव वाचवायची घाई असते, दुसरीनं लावलेली पट्टी कोण उघडून बघतो?

एरवी मला हसू आलं असतं. पण मी त्या माणसाकडे बघत होते. चार्टवर नाव होतं ईश्वरी विक्रम शेवाळे, वय वर्षे पाच, मुक्काम धावरेवाडी. धावरेवाडी माझंही गाव. आणि हा दिनकर शेवाळे. सगळं गाव त्याला आबा म्हणायचं, अहो-जाहो करायचं. तोंडावर मीही केलं. मनात एकदाही केलं नाही.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. अंगावरचं मांस उतरलं होतं, पण मान तशीच ताठ. त्यानं मला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसा? गाव सोडलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते, दोन वेण्या आणि फाटका परकर. त्या सकाळी छत्तीस वर्षांची, पांढऱ्या गणवेशातली बाई. तरी मला राग आला. मी त्याला एका नजरेत ओळखावं आणि त्यानं मला ओळखू नये, हे मला सहन झालं नाही.

"बघते," एवढंच म्हणून मी आत गेले.

पोरीची अवस्था वाईट होती. नऊ दिवस ताप. गावाकडच्या डॉक्टरनं टायफॉईड म्हणून औषध दिलं, ते लागू पडलं नाही. मग धाप लागली, प्रेशर खाली गेलं आणि आमच्याकडे आली ती थेट व्हेंटिलेटरवरच गेली. चार दिवस घशात नळी, मानेत सुई, प्रेशर टिकवायला दोन पंप. डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत अंग सुजलेलं. मलेरिया नाही, डेंगी नाही, रक्तात जंतू उगवत नाही. भारी भारी अँटिबायोटिक चालू होती आणि ताप मात्र जागचा हलत नव्हता.

नऊ वाजता परचुरे मॅडमनी राउंड घेतला. त्या आमच्या प्रमुख. कधी आवाज चढवायच्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता. पोरीच्या आईला बोलावून त्यांनी साध्या भाषेत समजावलं. शरीर जंतूशी लढायला जी फौज उभी करतं ती आता आवरेना झालीय, ती शरीराचाच नाश करायला लागलीय. यकृत, फुप्फुस, रक्त, सगळीकडे दाह पेटलाय. कशानं पेटला ते सापडत नाही. बारा वाजेपर्यंत वाट बघू, नाहीतर ही फौजच मारून टाकणारं इंजेक्शन द्यावं लागेल. त्यात मोठा धोका आहे, कारण आत कुठं जंतू दडलेला असला तर त्याला मोकळं रान मिळेल.

"द्या न्हाईतर नगा देऊ, काय ते तुम्हीच ठरवा मॅडम," आई म्हणाली. "मला त्यातलं काय कळतंय?"

तिचं नाव उज्ज्वला. नवरा लष्करात, सुट्टी मंजूर होऊन तो निघाला होता, वाटेत होता. चार दिवस त्याच साडीत असलेली ती बाई सारखी पदर सारखा करत होती. तिच्यावर माझा काही राग नव्हता. ती लग्न होऊन त्या घरात आली त्याच्या कितीतरी आधीच माझं त्या घराशी असलेलं वैर जुनं झालं होतं.

ते वैर काय ते सांगते.

माझी आई हौसा. बाप शेवाळ्याच्या शेतावर सालगडी. आईचं चौथं बाळंतपण घरात झालं, मूल मेलेलंच आलं, आणि रक्त थांबेना. सुईण म्हणाली, आता माझ्या हातात राहिलं नाही, तालुक्याला न्या. गावात एकच जीप, आबाची. बाप आईला सोडून हलू शकत नव्हता म्हणून मला पळवलं. मी धावत गेले. आबा सोप्यात बसून दाढी करून घेत होता. मी धापा टाकत सांगितलं. त्यानं न्हाव्याला हातानं थांबवलं आणि शांतपणे म्हणाला, "जीपची बॅटरी उतरलीय पोरी. चालू असती तर दिली असती की."

मी खरं मानलं. परत धावत आले. बापानं कुणाची तरी बैलगाडी जोडली, आईला गोधडीवर घातलं, मी तिच्या पायाशी बसले. खिंडीच्या चढाला मागून हॉर्न वाजला. गाडीवानानं बैल बाजूला घेतले. आबाची जीप आमच्या शेजारून पुढं गेली. आत त्याची बायको, दोन पाहुण्या, सगळ्या जरीच्या लुगड्यात. थोरल्या पोराची सुपारी फोडायला निघाल्या होत्या. आई तेव्हा जिवंत होती. तिनं डोळे उघडून जीप बघितली. तालुका यायच्या आधी तिचे हात गार झाले.

बाळंतिणीचं रक्त सीटला लागलं असतं, आणि ते आमच्या घरच्या बाईचं रक्त. एवढंच कारण होतं, दुसरं काही नाही. मावशीनं मला शहरात नेलं, मी शिकले, नर्स झाले. पण मी डूख धरून होते. पंचवीस वर्षं मी मनात त्या माणसाला वेगवेगळ्या तऱ्हेनं मारलं आणि कधी मन भरलं नाही.

आणि आता तो माझ्या दाराबाहेर स्टीलच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

दहाला मी पोरीच्या स्पंजचं पाणी घेतलं. पाठ पुसायला दोघी लागतात, नळी हलू द्यायची नसते. पण पोट-मांड्या एकटीला जमतात. माझी जोडीदार लता पाच नंबरच्या बाळापाशी अडकली होती. मी पडदा ओढला आणि कात्री घेतली.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात कुठलाही वैद्यकीय विचार नव्हता. त्यानं देवीला शब्द दिला होता ना, तो शब्द मला तोडायचा होता. संध्याकाळी दोरा कापलेला बघून त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं. मी चिकटपट्टी सोलून काढली, गॉज बाजूला केलं आणि काळा दोरा कापला. त्यात एक तांब्याचा ताईत ओवलेला होता. तो उचलला आणि मी थबकले.

ताईताखाली एक खपली होती. हरभऱ्याच्या डाळीएवढी, काळी, कोरडी, भोवती लाल कडं. विडी टेकवून विझवल्यासारखी.

आमच्याकडे तेव्हा हे फारसं कुणी बघितलेलं नव्हतं. पण मी आधी दोन वर्षं तामिळनाडूतल्या एका मिशनच्या दवाखान्यात काम केलं होतं. तिथं तापाचं मूल आलं की आम्ही पहिल्यांदा त्याचे कपडे उतरवून हीच खपली शोधायचो. काखेत, जांघेत, कमरेला, कानामागं. गवतातला एक बारीक किडा चावतो, डोळ्यांना दिसतही नाही. त्यानं ताप येतो, आणि औषध नाही मिळालं तर असाच सगळ्या शरीरात दाह पेटतो. भारी अँटिबायोटिक त्याला काही करत नाहीत. त्याचं औषध म्हणजे एक साधी कॅप्सूल, कुठल्याही दुकानात मिळणारी, नाकातल्या नळीतून देता येते. स्क्रब टायफस म्हणतात त्याला. बघितल्याबरोबर ओळखलं मी.

परचुरे मॅडम शेजारच्या खोलीत होत्या, वीस पावलांवर.

मी पट्टी परत लावली.

नीट, कोपरे दाबून लावली. कापलेला दोरा आणि ताईत कागदात गुंडाळून ॲप्रनच्या खिशात टाकला. चार्टवर दहाच्या रकान्यात 'स्पंज दिला' असं लिहिलं, सही केली. मग लताला म्हटलं पाणी पिऊन येते, आणि बाहेर गेले.

मला पाणी नको होतं. मला त्याला बघायचं होतं. त्याच्या नातीचा जीव माझ्या हातात होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. असं बघायला मिळावं म्हणून मी पंचवीस वर्षं जगले होते असं मला वाटलं.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कसं हाय, सिस्टर?" त्यानं विचारलं.

"वाईट आहे."

"काय तरी करा. तुमच्या हातात हाय." तो उठून उभा राहिला. "मी हात जोडतो. पाय धरू का तुमचं?"

"करता येण्यासारखं असतं तर केलं असतं की," मी म्हणाले.

हेच मला म्हणायचं होतं. ह्याच सुरात, शांतपणे. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघत राहिला. मग जोडलेले हात तसेच खाली घेऊन बाकावर बसला. मला वाटलं, हरला. बरं वाटलं मला. तोंड कडू झाल्यावर गूळ खाल्ल्यासारखं बरं वाटलं. कुणी म्हणेल बाई राक्षसीण आहे. म्हणू दे.

आत आले तर मॉनिटर वाजत होता. प्रेशर आणखी उतरलं होतं. मी पंपावर औषध वाढवलं. हे औषध प्रेशर टिकवतं, पण हातापायांच्या टोकांचं रक्त तोडतं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पायावरची चादर बाजूला केली. डाव्या पायाची बोटं निळसर दिसली. मी ते चार्टवर लिहिलं. पट्टीबद्दल काही लिहिलं नाही.

सांगायचं होतं मला. मारून टाकायचं नव्हतं, एवढं तरी खरं मानावं. मी स्वतःशी म्हणत होते, बारा वाजायच्या आधी सांगू. तोवर त्याला बसू दे. आम्ही खिंड चढत होतो तेवढा वेळ तरी बसू दे.

अकराला आईला आत सोडायची वेळ. उज्ज्वला आली, हात धुतले, गाऊन घातला, आणि पोरीच्या पायापाशी उभी राहिली. तोंडाकडे बघायचा तिला धीर होत नव्हता. तिनं बोटांना हात लावला.

"पाय गार लागत्यात, सिस्टर. मोजं घालू का? आणल्यात मी."

मी म्हटलं, नको, आम्हाला बोटांचा रंग बघावा लागतो. तिनं मोजे परत पिशवीत टाकले. मग मी विचारलं, ही शेतात वगैरे जाते का? उज्ज्वला म्हणाली, डोंगराकडेच्या रानात गवत कापायला सगळी गेलो होतो, तिथं हीसुद्धा दिवसभर गवताच्या भाऱ्यांवर खेळत होती. त्यानंतर आठवड्याभरातच अंग तापलं.

उरलीसुरली शंकाही गेली. मी पंपाकडे बघत राहिले.

उज्ज्वला आपली बोलतच होती. चार दिवस कुणाशी बोलली नव्हती बहुतेक. "आबांनी तर अन्न टाकलंय. काल देवळाच्या पायरीवर डोकं आपटून घेत व्हते. म्हणत व्हते, माझं पाप पोरीला भोवलं. कसलं पाप म्हणून इचारलं तर बोलत न्हाईत. रडत्यात नुसतं."

"कसलं पाप?" मी विचारलं.

"कुणाला ठावं, सिस्टर. म्हाताऱ्या माणसांचं काय काय जुनं असतंय."

मला जे हवं होतं ते मिळालं. त्याला आठवत होतं. मी त्याच्या ध्यानात नसेन, पण आई होती. ह्या माणसाला कुठंतरी टोचतंय एवढंच मला पंचवीस वर्षं कळून घ्यायचं होतं. ते कळलं. आणि ते कळल्यावरसुद्धा मी लगेच उठले नाही. उज्ज्वलाची पंधरा मिनिटं संपू दिली. ती गेल्यावर चार्टचा अकराचा रकाना भरला. लघवीची पिशवी मोजली. आणखी थोडा वेळ, आणखी थोडा, असं करत बसले. जिभेवर आलेली चव सोडवत नव्हती.

साडेअकराला परचुरे मॅडम आल्या. हातात त्या इंजेक्शनचा खोका होता. बारापर्यंत थांबायला वेळ नाही, म्हणाल्या.

"मॅडम, एक मिनिट," मी म्हणाले. "हे बघा."

मी पट्टी काढली. मॅडम वाकल्या. बोटानं खपलीभोवतीची लाल कडा दाबून बघितली आणि इंजेक्शनचा खोका ट्रॉलीवर ठेवून दिला.

"हे कधी दिसलं?"

"आत्ता," मी म्हणाले.

पुढचं सगळं भराभर झालं. पाच मिनिटांत कॅप्सूल आली, पाण्यात विरघळवून नळीतून गेली. मॅडमनी सगळ्यांना फैलावर घेतलं. चार दिवस एका पट्टीखाली काय आहे हे कुणालाच बघावंसं वाटलं नाही का, म्हणाल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला, कुठलीही पट्टी लावली की तिच्यावर तारीख आणि कारण लिहायचं. आणि माझं त्यांनी कौतुक केलं. पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. लता म्हणाली, मालन, तुझी नजर घारीची आहे.

तिसऱ्या दिवशी पोरीचा ताप उतरला. सातव्या दिवशी घशातली नळी निघाली. पहिला शब्द तिनं 'पाणी' म्हटला आणि दुसरा 'घरी'. फौज आवरली होती. डाव्या पायाची दोन बोटं मात्र गेली. काळी पडली, वाळली, शेवटी काढावी लागली. मॅडमनी घरच्यांना समजावलं, प्रेशरच्या औषधामुळे असं होतं, जीव वाचवायचा तर ही किंमत द्यावी लागते. सगळ्यांनी ते मानलं. मीही मानलं असतं, मला मानता आलं असतं तर.

एकोणिसाव्या दिवशी तिला घरी सोडलं. दुपारची वेळ होती. उज्ज्वला आत पोरीला कपडे घालत होती, तिचा नवरा खाली गाडी आणायला गेला होता. बाहेर बाकावर आबा एकटाच. मी कागद द्यायला गेले तर तो उठला.

"बस जरा, मालन," तो म्हणाला.

मी उभीच राहिले. एकोणीस दिवसांत त्यानं मला सिस्टरशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"हौसाची थोरली तू."

"कधी ओळखलंत?"

"पहिल्याच सकाळी. छातीवर नावाची पट्टी हाय की तुझ्या, मालन अवघडे. वाचता येतंय मला." त्यानं छातीवरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. "आणि चेहरा आईचाच हाय. मॅडमकडं जाऊन सांगणार व्हतो, ह्या बाईला आमच्या पोरीपाशी ठेवू नका. दोनदा दारापातुर गेलो."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? का नको म्हणून इचारलं असतं त्यांनी."

म्हणजे मी त्याच्यासमोर उभी राहून त्याचेच शब्द त्याला परत केले तेव्हा त्याला सगळं कळत होतं. आणि तरी तो परत बाकावर बसला होता.

त्यानं डोळे पुसले. "पर तू मनात धरलं न्हाईस, पोरी. तुझ्या जागी मी असतो तर गप बसलो असतो. तू आमची पोर उचलून दिलीस. तुझ्या आईची पुण्याई. मी तिच्यासाठी काय केलं आणि तू माझ्यासाठी काय केलंस."

तो वाकला. खरंच माझ्या पायांकडे वाकला. मी मागं सरले.

तेव्हा गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण हा माणूस मला चांगली समजून घरी जाणार, देवीला नारळ फोडणार, शांत झोपणार. माझ्या चांगुलपणावर त्याचं पाप धुऊन निघणार. हे माझ्यानं बघवेना. मला तेसुद्धा त्याच्याकडून काढून घ्यायचं होतं.

"मला ती खपली दहा वाजता दिसली होती," मी म्हणाले. "साडेअकराला सांगितलं मी."

त्याला लगेच कळलं नाही. मग कळलं. तो बाकाला धरून सावकाश बसला.

"दोरा मीच कापला होता. तुमचा शब्द मोडायला कापला. खपली दिसल्यावर पट्टी परत लावली आणि तुमच्याकडे आले. तुम्ही हात जोडलेत तेव्हा मला ठाऊक होतं काय करायचं ते."

"बोटं..." तो म्हणाला.

"त्यामुळे गेली की औषधानं गेली, ते कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही."

मी वाट बघत होते. तो ओरडेल, मॅडमना हाक मारेल, माझी नोकरी जाईल, पोलीस येतील. ह्या सगळ्याची माझी तयारी होती. मला ते हवंच होतं म्हटलं तरी चालेल. त्यानं निदान एकदा तरी माझ्यावर ओरडावं, म्हणजे मी पण त्याच्यावर ओरडले असते.

तो टोपी हातात फिरवत बसला होता.

"जीप बंद नव्हती," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे. खिंडीत आम्हीच बाजूला झालो होतो."

"व्हय." त्यानं मान हलवली. मग माझ्याकडे न बघता, हलक्या आवाजात, घरातलं काही ठरवावं तसं म्हणाला, "उज्ज्वलाला ह्यातलं काय कळू देऊ नको. मीबी सांगणार न्हाई. तिला कळलं तर ती माझं तोंड बघायची न्हाई, आणि तुझंबी न्हाई. ऱ्हाऊ दे हे आपल्या दोघांत."

त्या माणसाबद्दल मी आयुष्यभर नको नको ते इच्छिलं होतं. तो तडफडावा, त्याला कुणी पाणी पाजू नये, त्याच्या दारावर कुणी येऊ नये. पण त्याच्या तोंडून 'आपल्या दोघांत' असं मला ऐकावं लागेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात दार उघडलं. उज्ज्वला पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली. पोरीच्या अंगात नवा फ्रॉक होता, डाव्या पायाला पांढरी पट्टी, त्यावर आमच्या नव्या नियमाप्रमाणे तारीख आणि कारण. पोरीनं मला बघून हात पुढं केले. दवाखान्यातली मुलं सुया टोचणाऱ्या सिस्टरांकडे सहसा जात नाहीत, पण ही यायची माझ्याकडे. मी तिला घेतलं नाही. हातात कागद होते म्हणून घेतलं नाही, असं उज्ज्वलाला वाटलं असावं.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "सिस्टर, मॅडम सांगत व्हत्या मगाशी. अर्धा-पाऊण तास जरी गेला असता तरी हाती लागली नसती म्हणं. तुम्हाला दिसल्या दिसल्या तुम्ही सांगितलं म्हणून."

मी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या कडेवरच्या पोरीकडे.

आबा उठला. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, अगदी शेजारी, आणि शांतपणे म्हणाला, "व्हय. दिसल्या दिसल्या सांगितलं तिनं."

उज्ज्वलानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.